भूकंपाच्या बातमीत कुठल्या भागात जमीन किती हलली तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुठेही मोठा भूकंप झाला की दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर एक आकडा ठळक छापलेला असतो, 6.4 किंवा 7.1 वगैरे, त्याच्यापुढे 'रिश्टर' आणि खाली 'शहर हादरलं'. कित्येक वर्षं मी ही अशीच बातमी वाचतोय आणि दरवेळी मनात येतं की अहो, शहर हादरलं म्हणजे त्यातला कुठला भाग किती हादरला? टेकडीवरचा, नदीकाठचा, का तळं बुजवून त्यावर वसवलेला? वर पाटी एकाच शहराची असली तरी जमिनीखालून बघितलं तर या तीन वेगळ्याच जागा आहेत आणि एकाच भूकंपात त्या तीन वेगळ्या तऱ्हेने हलतात, कधीकधी चार-पाच पट फरकाने. म्हणून हे पत्र लिहितोय. माझं म्हणणं एवढंच की मॅग्निट्यूडच्या शेजारी शहरात कुठे जमीन किती हलली हे छापायला सुरुवात करा, आणि भूकंप झालेला नसतो त्या काळात, हे आधीच काढून ठेवायचं काम का होत नाही ते संबंधितांना विचारत राहा. पत्र लांबणार आहे, सांभाळून घ्या, पण जमिनीची कंपनं मोजण्यात माझी बरीच वर्षं गेलीत आणि हे अर्धवट सांगून समजणार नाही असं वाटतं.

आधी त्या आकड्याचं. मॅग्निट्यूड म्हणजे खाली फॉल्ट (खडकातली भेग) किती लांबीचा तुटला, किती सरकला, त्यातून एकूण किती ऊर्जा सुटली याचं माप. एका भूकंपाला ते एकच असतं, तुम्ही केंद्रावर उभे असा नाहीतर हजार किलोमीटरवर. एक अंक वाढला की ऊर्जा साधारण 32 पट. (रिश्टर यांची मूळ पट्टी 1935 ची, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ठरावीक उपकरणांसाठी बनवलेली, मोठ्या भूकंपांना ती पुरत नाही म्हणून 1979 मध्ये मोमेंट मॅग्निट्यूड आलं आणि आता मोठ्या भूकंपांना तेच वापरतात, तेव्हा 'रिश्टर' हा शब्द बातमीतून काढला तरी काही बिघडणार नाही.) पण माझ्या घराखालची जमीन किती हलली, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. ते वेगळं मोजावं लागतं, गुरुत्वाकर्षणाच्या किती टक्के ॲक्सलरेशन (हलण्याचा झटका) आलं, किती सेकंदांच्या लयीत, म्हणजे एकदा डोलून परत यायला किती सेकंद घेत जमीन डोलली, किती वेळ डोलत राहिली. माणसं मरतात ती यामुळे, आणि बातमीत नेमकं हेच नसतं.

मेक्सिको सिटीचं उदाहरण सगळ्यांनी एकदा तरी नीट वाचावं असं आहे. 19 सप्टेंबर 1985, भूकंप 8.0 चा, पण झाला पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, शहरापासून साडेतीनशे किलोमीटरपेक्षा लांब. एवढ्या अंतरावर लाट विरून जायला पाहिजे, आणि शहरातल्या विद्यापीठाच्या बाजूला, जिथे जुन्या लाव्ह्याचा कातळ आहे, तिथे ती विरलीही होती, जमीन गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम 3-4 टक्के हलली. तिथून दहा किलोमीटरच्या आत, जुन्या तळ्याच्या चिकणमातीवर बसवलेल्या उपकरणात आकडा आला 17 टक्के, म्हणजे केंद्राजवळच्या किनाऱ्यावर कातळावर जेवढा नोंदला गेला जवळपास तेवढा. आणि नुसतं जास्त हलली असंही नाही, ती दोन सेकंदांच्या एका लयीत हलली, पाळणा हलावा तशी, पुन्हा पुन्हा, बराच वेळ.

हे दोन सेकंद कुठून आले त्याचा हिशोब शाळेतल्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. वरच्या मऊ थराची जाडी चारने गुणायची आणि त्या मातीतून आडवी हलणारी लाट किती वेगाने जाते त्याने भागायचं. चिकणमाती साधारण 40 मीटर, लाटेचा वेग सेकंदाला 80 मीटर, म्हणजे 160 भागिले 80, दोन सेकंद. कातळात हाच वेग हजार मीटरच्या पुढे असतो, त्यावरून ती माती किती लुसलुशीत असेल बघा. आता इमारतींकडे या. ढोबळ हिशोबाने मजल्यामागे सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे दहा मजल्यांची इमारत एका सेकंदात एकदा डोलते, पण हलायला लागली, भिंतींना तडे गेले, जोड सैल पडले की ती मऊ पडते आणि तिची लय लांबत लांबत दोन सेकंदांकडे सरकते, तिथे जमीन तिची वाटच बघत असते. म्हणून त्या दिवशी सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींचा घास गेला आणि शेजारची जुनी, बुटकी, दगडविटांची घरं बरीचशी उभी राहिली. हजारो माणसं गेली. जवळच्याच कातळावरच्या वस्तीत त्या मानाने काहीच झालं नाही. शहराला एक आकडा द्यायचा म्हटलं तर यातला कुठला देणार?

पुढचं त्याहून शिकण्यासारखं आहे. बरोबर 32 वर्षांनी, तारीख तीच, 19 सप्टेंबर 2017, त्याच शहराला पुन्हा भूकंप. या वेळी 7.1 चा पण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. जवळचा भूकंप असला की त्यात जलद थरथर जास्त असते, त्यामुळे या वेळी तळ्याच्या मधल्या जाड थरापेक्षा कडेचा, जिथे माती पातळ होत जाते आणि लय एका सेकंदाच्या आसपास येते, तो पट्टा जास्त डोलला, आणि जास्त फटका बसला तो त्यामानाने कमी मजल्यांच्या इमारतींना. म्हणजे 1985 चा नुकसानीचा नकाशा समोर धरून 2017 मध्ये 'हा भाग धोक्याचा, तो सुरक्षित' असं कोणी सांगितलं असतं तर चुकलं असतं. हे मुद्दाम सांगतोय कारण एकदा एक रंगीत नकाशा काढला, भिंतीवर लावला, काम झालं, अशी समजूत मी मोठमोठ्या हुद्द्यावरच्या माणसांची बघितलीय. भूकंप कुठून येणार, किती मोठा, किती लांबून, यावर तो नकाशा बदलतो. एकाच शहराचे पाच-सहा नकाशे लागतात.

मऊ जमीन म्हणजे नेहमी वाईट असाही गैरसमज नको. 25 एप्रिल 2015 ला नेपाळमध्ये 7.8 चा भूकंप झाला, काठमांडूचं खोरं सगळं जुन्या तळ्याच्या गाळाने भरलेलं, सगळ्यांना भीती होती की बहुतेक शहर जमीनदोस्त होईल. झालं असं की खोरं चार-पाच सेकंदांच्या लांब लयीत डोललं, आणि तीन-चार मजल्यांच्या घरांना ती लय लागू पडत नाही, त्यामुळे वाटलं होतं त्यामानाने बरीच घरं वाचली, धरहरा मनोरा मात्र कोसळला. ज्यांची माणसं गेली त्यांना हे सांगून उपयोग नाही हे मला कळतं. पण पुढच्या वेळी तिथेच वेगळा भूकंप आला, जलद थरथरीचा, तर हीच वाचलेली घरं वाचतील असं कोणी धरून चालू नये, यासाठी हे लिहावं लागतं.

आणि ओसाका. मार्च 2011 चा जपानचा 9.0 चा महाभूकंप, केंद्र साडेसातशे किलोमीटरच्या आसपास लांब. ओसाका बंदराच्या भरावावर 55 मजल्यांची, 256 मीटर उंच सरकारी इमारत आहे, तिथे रस्त्यावरच्या माणसाला जाणवलेला हादरा 0 ते 7 च्या जपानी मापात 3, म्हणजे दिवे हलतील, भांडी वाजतील इतपत. वरच्या मजल्यावर मात्र इमारत या टोकापासून त्या टोकापर्यंत मिळून अडीच मीटरपेक्षा जास्त झुलत होती, दहा मिनिटं. खालच्या खोल गाळाची लय आणि इमारतीची लय, दोन्ही साडेसहा सेकंदांच्या जवळ. या प्रकारानंतर जपानने उंच इमारतींसाठी लांब लयीच्या हादऱ्याची वेगळी पट्टीच सुरू केली. आता प्रत्येक मोठ्या शहरात चाळीस-पन्नास मजल्यांचे टॉवर उभे राहतायत, आणि त्यात राहायला जाणाऱ्या किती लोकांना कोणी सांगितलंय की शेकडो किलोमीटरवरचा भूकंप, जो खाली वॉचमनला धड कळणारही नाही, तो तुमचं कपाट पाडू शकतो?

जमिनीच्या पोटातला आकारही धरावा लागतो, नुसती माती बघून चालत नाही. जपानमधलं कोबे, 17 जानेवारी 1995, साडेसहा हजारांच्या जवळपास मृत्यू, आणि सगळ्यात वाईट नुकसान एका लांबलचक पट्ट्यात, रुंदी साधारण एक किलोमीटर. बरं, तो पट्टा तुटलेल्या फॉल्टच्या बरोबर डोक्यावरही नव्हता. मागे डोंगराचा ग्रॅनाइट, पुढे समुद्राकडे गाळाने भरलेलं खोरं, आणि त्या खोऱ्याच्या काठावरून आत वळलेली लाट आणि खालून सरळ वर आलेली लाट या दोन्ही एकाच क्षणी एकाच जागी पोचल्या, त्यांची बेरीज झाली, आणि ती जागा म्हणजे तो पट्टा. वरून चालत गेलात तर घरं सारखी, रस्ते सारखे, काही कळणार नाही.

आपल्याकडचं बघायचं तर 26 जानेवारी 2001, भूज. अहमदाबाद केंद्रापासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, तरीही तिथे बहुमजली इमारती पडल्या, त्यात अनेक साबरमतीच्या जुन्या गाळावरच्या, आणि खालचा मजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेल्या. एवढ्या मोठ्या शहरात मुख्य धक्क्याची नोंद किती ठिकाणी झाली? एका. पासपोर्ट ऑफिसच्या इमारतीत बसवलेलं उपकरण, त्यात जमिनीवर आलं गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 10-11 टक्के. जिथे इमारती पडल्या तिथे किती आलं असेल हे आता कायमचं अंदाजाचंच राहणार, कारण तो क्षण पुन्हा मोजता येत नाही. मला ही गोष्ट फार लागते.

मोजता कसं येतं ते सांगतो. आम्ही हे काम रात्री करायचो, कारण दिवसा गाड्यांची आणि माणसांची ये-जा इतकी की जमिनीचा स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही. उपकरण एका डब्याएवढं, आत तीन सेन्सर, एक उत्तर-दक्षिण, एक पूर्व-पश्चिम, एक वर-खाली. डांबरावर किंवा काँक्रीटवर ठेवायचं, गवतावर नाही, खालचे तीन स्क्रू फिरवून पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणायचा, उत्तरेची खूण उत्तरेकडे, आणि मग अर्धा-पाऊण तास लांब जाऊन गप्प बसायचं, चालायचंसुद्धा नाही. जमीन सतत थरथरत असते, समुद्राच्या लाटांनी, वाऱ्याने, कारखान्यांनी, आपल्याला कळत नाही इतकी बारीक. त्यातली आडवी थरथर आणि उभी थरथर यांचं गुणोत्तर काढलं की जमिनीची लय दिसते. ही पद्धत 1989 मध्ये जपानी संशोधक नाकामुरा यांनी चालती केली, त्याआधी जपानमध्येच त्याची सुरुवात झालेली होती.

एका रात्री आम्ही दोन जागा घेतल्या, मध्ये जेमतेम सातशे मीटर अंतर. पहिलीला स्क्रीनवर आडवी सपाट रेष, म्हणजे खाली लगेच कातळ. दुसरीला एका सेकंदावर सरळ उभं टोक, इतकं स्पष्ट की माझ्या मदतनीसाने विचारलं, मशीन बिघडलं का. उपकरण उचलून वीस पावलं पुढे ठेवलं, परत तेच टोक. समोर बांधकाम चालू होतं, बाहेर बोर्ड, दहा मजले. दहा मजल्यांची लय किती ते मघाशी लिहिलंच आहे. पहाटेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून होतो, पुढे जायचं सुचेना.

या उपकरणाने लय कळते, हादरा किती पट वाढेल ते तेवढ्या खात्रीने कळत नाही, त्यासाठी खालच्या थरांमधला लाटेचा वेग लागतो. वरच्या 30 मीटरमधला सरासरी वेग काढतात, त्याला व्हीएस-30 म्हणतात, सेकंदाला 760 मीटरच्या वर असला तर खडक, 180 च्या खाली असला तर अगदी मऊ जमीन, आणि जगभरचे बरेच नियम आणि हिशोब याच आकड्यावर चालतात. तीस मीटरचा हा आकडा सोयीचा आहे पण पुरेसा नाही, खाली दोनशे मीटर गाळ असेल तर तो यात दिसतच नाही, ओसाकासारखी लांब लय त्या खोल गाळातूनच येते. आणि जोरदार भूकंपात मऊ माती वेगळीच वागते, छोट्या धक्क्याला ती पाच पट वाढवून दाखवेल पण मोठ्या धक्क्यात ती स्वतःच ढिली पडते, वाढ कमी होते, आणि पाण्याने भिजलेली वाळू असेल तर तिचा चिखल होऊन इमारत तिरकी बसते. 1964 मध्ये जपानच्या निगाता शहरात अख्ख्या चाळी अशा आडव्या कलल्या होत्या, भिंती धड होत्या, जमीन नव्हती. म्हणजे रात्री मोजलेल्या बारीक थरथरीवरून सरळ मोठ्या भूकंपाचा आकडा काढता येत नाही, मध्ये बरंच काम असतं.

मग शहराचा अंदाज बांधतात तो असा की कुठला फॉल्ट, किती मोठा तुटेल हे एक, तिथून शहरापर्यंत येताना लाट किती विरेल हे दुसरं, आणि त्या त्या जागेची जमीन तिचं काय करेल हे तिसरं, या तिन्हीचा गुणाकार शहराच्या प्रत्येक चौकटीसाठी. यात चूक किती? प्रामाणिकपणे सांगायचं तर भरपूर. जगभरच्या नोंदींवरून बसवलेली जी सूत्रं वापरतात त्यांचा पसारा असा आहे की अंदाज 20 टक्के आला तर खरा आकडा 10 ते 40 च्या मध्ये पडण्याची शक्यता तीनात दोन, म्हणजे तीनातल्या एका वेळी त्याच्याही बाहेर. वाचून वाटेल, मग उपयोग काय? उपयोग असा की हा पसारा कमी करायचा रस्ता माहीत आहे, जागेवरची माती ओळखा आणि जागेवर उपकरण लावा, या दोन गोष्टी केल्या की तो कमी होतो. आणि कातळ आणि तळं यांच्यातला चार-पाच पटीचा फरक एवढ्या पसाऱ्यातूनही स्वच्छ दिसतो. फक्त नकाशा छापताना हा पसाराही छापा अशी विनंती आहे. रस्त्याच्या अलीकडे लाल आणि पलीकडे हिरवं असं जमिनीत काही नसतं.

आता राग येतो ती गोष्ट. माती ओळखायला नवीन खर्च फार करायचाही नाहीये. कुठलीही मोठी इमारत, पूल, मेट्रोचा खांब उभा करायच्या आधी बोअर मारतात, 63.5 किलोचा घण 75 सेंटीमीटरवरून सोडतात, नळी 45 सेंटीमीटर आत जाईपर्यंत, आणि शेवटच्या 30 सेंटीमीटरला किती ठोके लागले ते माणूस उभा राहून मोजतो. दीड-दीड मीटरला असं. ठोके 4 आले तर माती लोण्यासारखी, 50 ला पण नळी आत जाईना तर कडक. या ठोक्यांवरून लाटेचा वेग ठीकठाक काढता येतो. एका मोठ्या शहरात असे हजारो बोअर झालेले असतात, पैसे दिलेले असतात, रिपोर्ट बायंडिंग करून दिलेले असतात, आणि ते कुठल्यातरी कपाटात पडून असतात. मी एकदा एका कार्यालयात अशा रिपोर्टची प्रत मागायला गेलो, नकाशा करायचा म्हणून, तर आधी सांगितलं अर्ज करा, अर्ज केला तर म्हणे ही माहिती गोपनीय आहे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा गेलो तर जुने रिपोर्ट जागा करायला रद्दीत दिले होते. तीनशेच्या वर बोअर होते त्यात. परत तिथे बोअर मारता येणार नाहीत, वर इमारती आहेत. अहो, ही काही कोणाची खासगी गुपितं नाहीत, जमिनीखाली चिकणमाती किती मीटर आहे हे लपवून कोणाचं भलं होतं?

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं की असे नकाशे बाहेर काढले तर लोक घाबरतील आणि जागांचे भाव पडतील. भाव पडायच्या भीतीने जमिनीची लय बदलत नाही. आणि मऊ जमिनीवर बांधूच नये असं कोणी म्हणत नाहीये, मेक्सिको सिटीच्या बांधकाम नियमात शहराचे टेकडी, मधला पट्टा आणि तळं असे भाग पाडलेत आणि प्रत्येकाला वेगळा हिशोब लावतात. 1985 नंतर ते नियम कडक केले, आणि 2017 मध्ये ज्या इमारती पडल्या त्यातल्या बहुतेक 1985 च्या आधीच्या होत्या. म्हणजे नकाशा आणि नियम असले की माणसं वाचतात, ते दिसलंय.

सॅन फ्रान्सिस्कोचंही बघा. 1906 च्या भूकंपानंतर हॅरी वुड नावाचा माणूस गल्लीगल्लीतून फिरला आणि कुठे किती पडझड झाली याचा शहराचा नकाशा केला, 1908 च्या सरकारी अहवालात तो छापून आला, शहरात तेव्हा नीट उपकरणंसुद्धा नव्हती. नकाशात स्पष्ट दिसत होतं की भराव घातलेल्या जागा वाईट हलतात. त्यानंतरही 1915 च्या प्रदर्शनासाठी खाडीच्या काठी भराव घातला, त्यावर पुढे मरिना नावाची वस्ती झाली. ऑक्टोबर 1989 मध्ये जवळपास शंभर किलोमीटर लांब 6.9 चा भूकंप झाला आणि मरिनात जमिनीतून वाळूमिश्रित पाण्याचे फवारे आले, त्या वाळूबरोबर 1906 च्या आगीत जळालेल्या लाकडाचे तुकडे वर आले. त्याच दिवशी खाडीपलीकडे ओकलंडमध्ये दुमजली हायवे पडून 42 माणसं गेली, जो भाग पडला तो खाडीच्या चिखलावर होता आणि त्याच हायवेचा घट्ट जमिनीवरचा भाग उभा राहिला. नंतर आफ्टरशॉकच्या (मागून येणाऱ्या लहान धक्क्यांच्या) वेळी दोन्ही ठिकाणी उपकरणं ठेवून बघितलं, चिखलावरचं कंपन कितीतरी पट जास्त.

पेपराने काय करायचं म्हणाल तर जपानमध्ये भूकंप झाल्यावर एक-दोन मिनिटांत टीव्हीवर मॅग्निट्यूडबरोबर भागाभागाचा 'शिंदो' येतो, 0 पासून 7 पर्यंत, मधल्या 5 आणि 6 चे दोन-दोन भाग करून एकूण दहा पायऱ्या, आणि तिथला सामान्य माणूस आधी विचारतो, आमच्याकडे शिंदो किती. कोबेनंतर त्यांनी देशभर सुमारे हजार ठिकाणी उपकरणं बसवली, योकोहामाने एकट्या शहरात दीडशे, आणि टोकियोच्या गॅस कंपनीने आपल्या पाइपलाइनवर जवळपास चार हजार सेन्सर लावले, साधारण चौरस किलोमीटरला एक, कुठल्या भागाचा गॅस तोडायचा ते कळावं म्हणून. अमेरिकेत 1994 च्या नॉर्थरिजच्या भूकंपानंतर शेकमॅप आला, उपकरणांच्या नोंदी, सूत्रं आणि जमिनीचा नकाशा एकत्र करून काही मिनिटांत शहराचा रंगीत नकाशा, म्हणजे अँब्युलन्स आधी कुठे पाठवायची ते फोन येण्याआधी कळतं.

आपल्याकडे एवढी उपकरणं लागेपर्यंत थांबायचं कारण नाही. तुमचे वाचक शहराच्या प्रत्येक कोपऱ्यात आहेत. हादरा बसला की दहा-बारा साधे प्रश्न विचारा, कितव्या मजल्यावर होतात, बसला होतात की चालत होतात, झोपेतून जाग आली का, टांगलेली वस्तू झुलली का, कपाटातलं काही पडलं का, भिंतीला नवीन तडा आहे का, आणि पिनकोड. अमेरिकेत 1990 च्या दशकाच्या शेवटापासून असं गोळा करतात आणि उत्तरं पुरेशी आली की त्यावरून काढलेला हादरा उपकरणांशी चांगला जुळतो. फक्त एक सांभाळा. पहिल्या काही तासांत जिथून एकही उत्तर येत नाही ती जागा नकाशात कोरी ठेवू नका, 'माहिती नाही' असं मोठ्या अक्षरात लिहा, कारण सगळ्यात जास्त हलते तिथे लाइट जाते, नेटवर्क जातं आणि माणसं ढिगाऱ्याखाली असतात, ती फॉर्म भरत नाहीत. कोरी जागा बघून इकडे काही झालं नसावं असं समजून मदत दुसरीकडे गेली तर ते पाप नकाशा छापणाऱ्यावर येईल.

आणि मधल्या शांत दिवसांत एक बातमीदार या कामाला द्या. शहरात भूकंपाची नोंद घेणारी उपकरणं किती आहेत, त्यातली चालू किती, शेवटची तपासणी कधी झाली, बोअरचे रिपोर्ट कुठे ठेवलेत, ते एकत्र करायचं काम कोणाकडे आहे, बुजवलेली तळी आणि नाले जुन्या नकाशात कुठे दिसतात, एवढेच प्रश्न घेऊन त्याने फिरावं आणि जे उत्तर मिळेल ते छापावं, मिळालं नाही तर तेही छापावं. जुने नकाशे वाचायला आणि बोअरचे आकडे समजून घ्यायला मी त्याच्याबरोबर बसेन, माझं उपकरण अजून चालू आहे, तुमच्या ऑफिसच्या तळमजल्यावर एक रात्र ठेवू, तुमच्या इमारतीखालची जमीन किती सेकंदांची आहे ते सकाळी सांगतो.

आपला,
एक नियमित वाचक